दाराचा निळा, भिंतीचा निळा

रविवार, भुसावळ

काल रात्री साडेअकराला दिवा मालवला तेव्हा माझ्या मॉडेलचा रेल्वेचा डबा एकरंगी होता. आज सकाळी ओट्यावर उन्हात धरला, तर बाजूच्या भिंती निळ्या, टोकाच्या भिंती हिरवट आणि दरवाजे चक्क जांभळट. पंधरा दिवसांची मेहनत. चहा तसाच थंड झाला.

आयसीएफचा, म्हणजे पेरांबूरच्या (चेन्नई) इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा, साधा स्लीपर डबा करतोय, १:८७ प्रमाणात. खरा डबा २१ मीटरपेक्षा थोडा लांब असतो, माझा २४५ मिलिमीटरचा. गडद निळा, खिडक्यांच्या ओळीवरून फिकट निळा पट्टा. नव्वदच्या दशकात मरून रंग जाऊन हा निळा आला, आणि माझ्या पिढीला गाडी म्हटलं की हाच रंग दिसतो. २०१८ मध्ये त्या कारखान्यातून या बनावटीचा शेवटचा डबा बाहेर पडला. रुळावरचे आहेत तोवर एक तरी नीट करून ठेवायचा, असं मनात घेतलंय.

आप्पा बाहेर आले. सगळी नोकरी त्यांनी इथल्या इंजिनांच्या कारखान्यात रंगकामाला काढली. चष्मा कपाळावर सरकवून टोकाची भिंत नखाने खरवडली आणि म्हणाले, "अस्तर कुठे आहे रे याला? खाली जे आहे ते वर येतंच."

खरंच होतं. बाजूच्या भिंती पांढऱ्या स्टायरीन प्लास्टिकच्या शीटमधून कापल्या आहेत, टोकाच्या मात्र रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतल्या. ते रेझिन पिवळसर. त्यावर निळ्याचे दोनच पातळ हात मारले, म्हणजे पिवळ्यावर निळा, हिरवट दिसणारच. घाई नडली. सगळ्या भागांना एकच राखाडी अस्तर आधी मारायला हवं होतं, मग स्टायरीन काय नि रेझिन काय, वरच्या रंगाला खाली सारखीच जमीन मिळते.

दरवाज्यांचं दुखणं वेगळं. ते रंगवायच्या वेळी तयार निळ्याची डबी संपली, म्हणून अल्ट्रामरीनमध्ये पांढरा नि थेंबभर काळा घालून तसाच निळा बनवला. ट्यूबलाइटखाली भिंतीला लावून पाहिला, तंतोतंत. पण डबीतला निळा फ्थॅलो या रंगद्रव्याचा, तो हिरव्याकडे झुकतो. अल्ट्रामरीन म्हणजे आई पांढऱ्या कपड्यांना घालायची ती नीळ, ती तांबड्याकडे झुकते. आमच्या एलईडी ट्यूबच्या उजेडात खोल तांबडा भाग कमी असतो, त्यामुळे दोघांतला फरक रात्री लपला. सूर्याने तो उघडा पाडला. दोन रंग एका दिव्याखाली जुळले म्हणजे जुळले असं नाही, हे वाचलं होतं; आज डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी स्टेशनवर गेलो, प्लॅटफॉर्म तिकीट काढून. खिशात प्लास्टिकचे पाच चमचे, प्रत्येकावर वेगळ्या मिश्रणाचा निळा. एक गाडी उभी होती तिला चमचे लावून पाहिले. एका डब्याला दुसरा चमचा बरोबर बसला, शेजारच्याला चौथा! नुकताच पीओएच (ठरावीक काळाने होणारी मोठी दुरुस्ती) होऊन आलेला डबा तुकतुकीत, पुढचा उन्हापावसाने खडूसारखा पांढुरका पडलेला. टोकावर तारखा लिहिलेल्या असतातच, त्या वाचल्या की कारण कळतं. पण एकाच डब्याच्या दाराचा आणि भिंतीचा रंग मात्र बरोबरीने उडालेला होता. मला जुळवायचंय ते एवढंच. पुढे दुसरा डबा केला तर तो मुद्दाम अर्ध्या छटेने वेगळा ठेवीन, तेव्हाच गाडी खरी वाटेल.

आणखी एक. खऱ्या डब्याला अचूक बसलेला चमचा घरी मॉडेलशेजारी काळपट दिसला. हातभर अंतरावरून मॉडेल बघणं म्हणजे खरा डबा चाळीसेक मीटरवरून बघणं. मधली हवा रंग फिकट करते. म्हणून थोडा पांढरा वाढवला. आप्पांना हे पटलं नाही. "डब्याचा रंग हा नाही," एवढंच म्हणाले. मी चमचा घेऊन अंगणाच्या पार टोकाला, फाटकापाशी गेलो आणि हात वर केला. बराच वेळ पाहिल्यावर त्यांनी मान हलवली.

आता सगळं पॉलिश पेपरने घासून काढलंय. या वेळी मिश्रण सिरिंजने मोजलं: फ्थॅलो ४ मिली, पांढरा दीड, काळ्याचे तीन थेंब. एकाच बाटलीत, भिंती-दरवाजे-टोकं सगळ्यांना पुरून उरेल इतकं. बाटलीवर तारीख घातली. शेवटी सगळ्यांवर एकच सॅटिन (अर्धवट चकाकीचं) वार्निश, कारण चकाकी वेगळी पडली तरी रंग वेगळा भासतो.

एअरब्रश, म्हणजे रंग फवारायचं काम, मात्र उद्या पहाटे सहाला. या मे महिन्यात नऊनंतर रंग भागावर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि अंगावर धूळ बसल्यासारखा खरखरीत उतरतो. आप्पांनी गजर साडेपाचचा लावून घेतलाय. अस्तर ते मारणार आहेत.