आमची वाटचाल : इंडेक्सच्या पानांवरनं

आधीच सांगून टाकतो, आम्ही वकील नाही. रोज दोन तरी फोन येतात "वकीलसाहेब आहेत का" म्हणून, आणि बायको इतक्या वर्षांनीसुद्धा न वैतागता सांगते की नाही हो, हे सर्चचं ऑफिस आहे. तुम्ही फ्लॅट किंवा प्लॉट घेताय तर त्या मिळकतीचे मागच्या 30 वर्षांत कुठले दस्त झाले, साठेखत (पुढं विकण्याचा करार), खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र, हे सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या रेकॉर्डमधनं शोधून वकिलाच्या हातात द्यायचं, मग वकील त्यावरनं टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी कुणाची आणि ती स्वच्छ आहे का याचा अहवाल, काढणार, एवढंच आमचं काम. पण पंचवीस वर्षं टेबलाच्या या बाजूला बसल्यावर एक गोष्ट आपोआप कळायला लागते, आपण दिलेला कागद कुठला वकील वाचतो आणि कुठला नुसता लेटरहेडवर उतरवून सही ठोकतो.

1999 ला बीकॉम होऊन घरी बसलो होतो. मामा पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांकडं कारकून होता, तो म्हणाला रिकामा बसण्यापेक्षा इंडेक्स बघायला शीक. तेव्हा कॉम्प्युटर वगैरे काही नव्हतं. अर्ज करायचा, चलन भरायचं, मग शिपाई ती इंडेक्स 2 ची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सूचीची, जाडजूड रजिस्टरं आणून आदळणार, आणि आपण दिवसभर उभं राहून गावाचं नाव, सर्व्हे नंबर, पक्षकार असं बोट फिरवत बसायचं. हस्ताक्षर असं की एकाच पानावर 1 चा 7 आणि 7 चा 1. कितीतरी वर्षांची पानं फाटलेली, किंवा वाळवीनं खाल्लेली. 2002 च्या सुमारास दस्त नोंदणी कॉम्प्युटरवर आली आणि पाठदुखी थोडी कमी झाली, पण 30 वर्षांची सर्च म्हणजे अजूनही जुन्या रजिस्टरांपासून पूर्ण सुटका नाही.

आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी शिकवणी 2001 ला मिळाली आणि ती माझ्या स्वतःच्या चुकीनं. एका प्लॉटची सर्च होती, सर्व्हे नंबरला हिस्सा पडलेला, समजा 43/2. मी 43/2 नं तीस वर्षं बघितली, काही सापडलं नाही, "बोजा दिसून येत नाही" (म्हणजे मिळकतीवर कुणाचं कर्ज किंवा हक्क नाही) लिहून दिलं आणि पैसे घेतले. दोन दिवसांनी त्या वकिलांनी बोलावून घेतलं. वयस्कर माणूस, आवाज चढवला नाही. फेरफाराचा, म्हणजे सातबारावरच्या बदलाच्या नोंदीचा, उतारा पुढं सरकवला आणि म्हणाले, "बाळा, हा हिस्सा पडलाय 1990 साली. त्याआधी ही जमीन नुसती 43 होती. तू दिलेली सर्च तीस वर्षांची नाही, अकरा वर्षांची आहे." परत जाऊन 43 नं बघितलं तर 1987 चं एक नोंदवलेलं साठेखत, ते रद्द झाल्याचा कागद कुठंच नाही. घेणारा एसटीतला कंडक्टर होता, त्याला तेव्हाच्या तेव्हा थांबवलं. मला त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून आमच्याकडं नियमच आहे, आधी सातबारा, त्यावर लिहिलेले सगळे फेरफार काढायचे, नंबर कसा बदलत आला ते कागदावर मांडायचं आणि मगच इंडेक्सला हात लावायचा.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण, लोक विचारतात चांगला वकील ओळखायचा कसा. मी सांगतो, सर्च रिपोर्ट मिळाल्यावर तो तुम्हाला प्रश्न विचारतो का बघा. "अमुक वर्षाचं पान फाटलंय असं लिहिलंय, मग पेपरात जाहीर नोटीस देऊया, 14 दिवस थांबूया" असं जो म्हणतो तो कामाचा. (आणि नोटीस लोक खरंच वाचतात अशा पेपरात द्या, विकणारा स्वस्तातला पेपर सुचवेल.) "टायटल एकदम क्लिअर, उद्या टोकन देऊन टाका" हे जो फाईल न उघडता बोलतो त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

2003 ला स्वतःचं चालू केलं. स्वतःचं म्हणजे काय, झेरॉक्सच्या दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल आणि दोन खुर्च्या. तेलगीचं बनावट स्टॅम्प पेपरचं प्रकरण ताजं होतं, लोक स्टॅम्प पेपर उजेडात धरून बघायचे आणि आमच्याकडं बघूनसुद्धा संशयच घ्यायचे. पहिली दोन वर्षं नुसती उधारी. त्यात एजंट मंडळी यायची, म्हणायची महिन्याला इतकी कामं देतो, रिपोर्ट लवकर आणि "सरळ" पाहिजे, आणि आमचा कट ठेवा. बायकोनं दारातच सांगितलं की कट द्यायचा असेल तर मी हिशोब बघणार नाही. कामं गेली. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तिचा रागच आला होता.

पण यातनं एक समजलं की घर घेणाऱ्या माणसाच्या भोवती वकील खूप असतात, त्याचा स्वतःचा एकही नसतो. बिल्डरचा असतो, महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर जो टायटल रिपोर्ट टाकलेला असतो तो बिल्डरनं नेमलेल्या वकिलाचा. जरूर वाचा, पण तो तुमच्यासाठी लिहिलेला नाही. बँकेचा पॅनेलवरचा असतो, त्याची फी लोनवाल्याच्या खिशातनंच जाते बरं का, पण रिपोर्ट बँकेला जातो, आणि त्याला बघायचं असतं की बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का. "बँकेनं लोन दिलं म्हणजे सगळं ओके" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. आणि एजंटचा असतो, "आपलाच माणूस आहे" वाला.

आमच्या एका जुन्या काकांचा मुलगा इंग्लंडात घर घेत होता, काका त्याचे कागद कौतुकानं दाखवायला घेऊन आले. तिथं म्हणे कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर असतो, घेणाऱ्याचा वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, आणि पैसेसुद्धा सॉलिसिटरच्या क्लायंट अकाउंटमधनं फिरतात. गंमत म्हणजे घेणाऱ्याचा सॉलिसिटरच बहुतेक वेळा बँकेचंही काम बघतो. आपल्याकडं चेक थेट विकणाऱ्याच्या हातात, त्यामुळं कुठला हप्ता कधी, मूळ कागद हातात आल्यावर का आधी, हे साठेखतात नीट लिहून घेणारा वकील पाहिजे. टीडीएसचंसुद्धा (विकणाऱ्याच्या पैशातनं आधीच कापायचा कर), किंमत 50 लाख किंवा वर असेल तर 1 टक्का घेणाऱ्यानं कापून भरायचा असतो, हे कितीतरी जणांना सहीच्या दिवशी कळतं. विकणारा परदेशात राहणारा असला तर हिशोबच वेगळा, तिथं वकिलाबरोबर सीएलापण विचारा.

परदेशावरनं आठवलं. कोथरूडचा एक रिसेल फ्लॅट, विकणारे दोघं भाऊ, थोरला अमेरिकेत आणि धाकट्याकडं त्याचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे त्याच्या वतीनं सह्या करायचा अधिकार. आमची सर्च स्वच्छ, बँकेची मंजुरी आलेली. घेणाऱ्या मॅडम शाळेतल्या रिटायर्ड बाई, त्यांनी एका तरुण वकील मुलीला नेमलं होतं, नवीनच सनद मिळालेली, मला वाटलं ही काय बघणार. तिनं एकच गोष्ट मागितली, थोरल्या भावाशी व्हिडिओ कॉल. आज नेट नाही, उद्या तिकडं रात्र आहे, असं आठवडाभर चाललं आणि शेवटी बाहेर आलं की ते गृहस्थ चार महिन्यांपूर्वी वारलेत. माणूस गेला की त्यानं दिलेलं कुलमुखत्यारपत्रही संपतं, आता त्यांच्या बायकोमुलांच्या सह्या लागणार होत्या. धाकटा म्हणाला घरचंच आहे, ते कशाला नाही म्हणतील. पण हे आमच्या इंडेक्समधे जन्मात दिसलं नसतं. तसं बरंच दिसत नाही, कोर्टात चालू असलेला दावा दिसेलच असं नाही, सोसायटीची थकबाकी दिसत नाही. म्हणून सर्च स्वच्छ आली म्हणून पेढे वाटू नका असं मी, सर्चचाच धंदा करणारा माणूस, सांगतो.

2020 च्या शेवटी मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी कमी होतं तेव्हा मात्र आमची दैना झाली. 31 डिसेंबरच्या आत स्टॅम्प भरला तर दस्त नोंदवायला पुढं चार महिने मिळत होते, तरी सगळ्यांना आजच पाहिजे. मास्क लावून रात्री अकरापर्यंत काम, सर्व्हर बंद पडणार, लोक भांडणार. त्या गडबडीत किती जणांनी टायटल न बघता सह्या केल्या ते आता कळतंय, त्यातल्या काही फाईली परत आमच्याच टेबलावर येतायत.

आता चार माणसं आहोत, भाचा भाडेकराराचं ऑनलाइन काम बघतो, अंगठ्याचं मशीन घेऊन लोकांच्या घरी जातो, खरं तर ऑफिसचं भाडं त्यातनंच निघतं.

कुणी वकील सुचवा म्हटलं तर आम्ही एक नाव देत नाही, तीन देतो, आणि कुणाकडनं काही घेत नाही. जाऊन बोला, फी आधी लिहून घ्या, त्यात काय काय येतं ते विचारा, नोंदणीच्या दिवशी स्वतः येणार का ज्युनिअर पाठवणार तेपण विचारा. काही जण चिडतात, तीन कशाला, एक चांगला सांगा ना. त्यांना मी चहा पाजतो आणि तीच तीन नावं परत देतो. ती तरुण वकील मुलगी आता त्या तिनात असते, फक्त तिच्याकडं हल्ली पंधरा-पंधरा दिवस वेळ मिळत नाही.