दिवेघाट, सहकुटुंब: पखवाज मुलीच्या गळ्यात

ज्ञानोबा माउलींची पालखी पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असते आणि मग पहाटे दिवेघाटातून सासवडकडे निघते. तिथी जुळली की हा टप्पा शनिवार-रविवारी येतो. २०२५ साली तसाच आला: २१ जूनचा शनिवार मुक्कामाचा, २२ चा रविवार दिवेघाटाचा. नोकरी-शाळा सांभाळून सगळ्या घराने चालायचं तर आम्ही हाच टप्पा सुचवतो. अंतर साधारण तीस किलोमीटर आहे, आणि घाट लागतो तो पाय थकल्यावर.

रस्त्याच्या कडेकडेने चालू नका, दिंडीत चाला. दिंडीप्रमुखांशी आधी बोलावं, भिशी (जेवणखाणाची वर्गणी) भरावी, आणि दिंडीचा क्रमांक पाठ करताना ‘रथापुढे’ की ‘रथामागे’ हेही पाठ करावं. एकच क्रमांक दोन्हीकडे असतो. चुकलेली माणसं नेमकी उलट्या बाजूला शोधत बसतात. पोरांच्या खिशात हे लिहिलेली चिठ्ठी हवीच, कारण घाटात फोन लागत नाही. तरीही कोणी चुकलंच, तर संध्याकाळी तळावर समाजआरतीला जावं. चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात आणि हरवल्या-सापडल्याची वर्दी दिली जाते.

आमच्या दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे पखवाज, मागे विणेकरी आणि त्यामागे तुळस घेतलेल्या बायका. मुलीला पखवाज वाजवायचा असेल तर तिला मधेच उभं करा. काही दिंड्यांत हे सहज होतं, काही ठिकाणी अजून नजरा वळतात. निघण्याआधी विचारावं, तिच्याकडून अभंगांचे ठेके पक्के करून घ्यावेत आणि मग मागे हटू नये. ज्या संप्रदायाने मुक्ताईचे ताटीचे अभंग शिरोधार्य मानले, जनाबाईला मान दिला, तिथे मुलीच्या हाताला मज्जाव असायचं कारण आम्हाला तरी दिसत नाही. आणि तिने ठेका धरला की आजीसुद्धा फुगडीला उतरते, हे बघण्यासारखं असतं!

आता वाद्याचं. पट्टा मानेवर थेट घेऊ नये. पंच्याची चौपदरी घडी खाली घालावी, नाहीतर हडपसरलाच खांदा सोलतो. अर्ध्या-पाऊण तासाने वादक बदलावा. डाव्या तोंडाला लावलेली कणीक पावसात बुळबुळीत होऊन सुटते, म्हणून कोरडं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात न्यावं, खरवडून ताजी कणीक लावावी. उजव्या तोंडाच्या शाईला, म्हणजे काळ्या लेपाला, पाणी लागू देऊ नये, ती उखडते. सर येताच आधी पखवाज प्लॅस्टिकमध्ये, मग स्वतः. दमट हवेत कातडं सैल पडून स्वर उतरतो, तेव्हा हातोडीने गट्ठे (लाकडी ठोकळे) सरकवून वादी (चामड्याची पट्टी) ताणावी लागते. हे काम वडकीला, घाटाआधीच्या विसाव्यात उरकावं. चढावर कोणी थांबत नाही.

चपला-बूट जुनेच हवेत. जीन्स भिजली की जड होते आणि मांड्या घासून सोलतात. सुती सैल कपडे घाला, निघतानाच खोबरेल लावा. वाटेत केळी, चहा, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू हातात येतच राहतात. सगळं घेतलं तर घाटात पोट बिघडतं. पाणी मात्र घोट-घोट सतत प्यावं.

घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्या वेळी मुलांना रथापासून लांब, डोंगराच्या बाजूला ठेवा, कठड्याकडे नको. वळणावरून खाली मस्तानी तलाव दिसतो आणि सगळे फोटोला दरीकडे धावतात. तिथेच रेटारेटी होते. हातात टाळ असलेलं मूल रांग सोडत नाही, हा सगळ्यात खात्रीचा उपाय.

सासवडला पोचल्यावर आधी पखवाजाची कणीक काढून तोंड कोरडं पुसावं, रात्रभर राहिली तर कातडं खराब होतं. मग गरम पाण्यात पाय, मग जेवण. पालखी इथेही दोन रात्री असते, त्यामुळे सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन सकाळी निवांत घेता येतं. परतीला दिवेघाट धरू नका, बोपदेव घाटाने उतरा. आणि सोमवारची अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवा.