बेल्ट कधी बदलला, तारीख सांगा

आमची सँट्रो झिंग २००९ ची आहे. मीटरवर अठ्ठावन्न हजारांच्या थोडं वर. आधी ती भाऊजींकडे होती. त्यांनी मोठी गाडी घेतली आणि ही बडोद्यात आमच्या दांडिया बाजारातल्या घराखाली येऊन उभी राहिली. गाडी देताना स्टेपनी नवी आहे हे त्यांनी दोनदा सांगितलं, एसीचा गॅस गेल्याच उन्हाळ्यात भरलाय हेही सांगितलं. टायमिंग बेल्ट कधी बदललात असं विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, या गाडीने आजवर कधी त्रास दिला नाही."

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. तारखेचा रकाना रिकामा असलेला कागद पुढे आला की हात आपोआप थांबतो. बिलांची पिशवी काढून बसले. ऑइल, फिल्टर, क्लच प्लेट, बॅटरी, दोन वायपर, सगळं निघालं. बेल्टचं बिल नव्हतं. म्हणजे तो कंपनीतून आला तोच असणार असं धरून चालायला हवं. बिल हरवलंही असेल, पण तो अंदाज माझ्या गाडीच्या इंजिनावर लावायची माझी तयारी नव्हती.

ज्यांना हा बेल्ट म्हणजे बॉनेट उघडल्यावर समोर दिसणारा पट्टा वाटतो त्यांच्यासाठी थोडक्यात. तो दिसतो तो अल्टरनेटरचा किंवा एसीचा. तो तुटला तर बॅटरी चार्ज होणार नाही, काही गाड्या गरमही होतील, फार तर रस्त्यात थांबाल. टायमिंग बेल्ट प्लास्टिकच्या झाकणामागे असतो, त्याला आतून दात असतात. पिस्टन वर-खाली होतात तसा फिरणारा खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट बरोबर एकदा फिरला पाहिजे, हे गणित तो सांभाळतो. व्हॉल्व्ह खाली उतरतात तेव्हा पिस्टन खाली असायला हवा आणि पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेले हवेत. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि पिस्टन मात्र गतीने वर येतच असतो. सँट्रोच्या इंजिनात त्यांची गाठ पडते. व्हॉल्व्ह वाकतात, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उघडावं लागतं. डिझेल गाड्यांत तर वर जागाच इतकी कमी असते की वाचण्याची आशा धरू नये.

सगळ्याच गाड्यांना हा बेल्ट नसतो, आणि पहिली चौकशी हीच करायची. जुनी मारुती ८००, जुनी ७९६ सीसीची अल्टो, झेन, २०१० च्या आधीची वॅगन आर या बेल्टवाल्या. २०१० मध्ये नवी वॅगन आर के-सीरिज इंजिन घेऊन आली, त्यात चेन आहे. स्विफ्ट डिझेलचं १.३ लिटरचं इंजिन, तेच जे इंडिका व्हिस्टा आणि पुंतोमध्येही होतं, तेही चेनचं. जुन्या अडीच लिटरच्या इनोव्हाला बेल्ट आहे, आणि टोयोटाने तिच्या डॅशबोर्डवर त्यासाठी वेगळा दिवाच दिलाय. क्रिस्टामध्ये चेन आली. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी चेनच्या गाडीत "बेल्ट बदलून घ्या" म्हणून गॅरेजवाल्याला सतावलं होतं. त्याने बिचाऱ्याने बाहेरचा फॅन बेल्ट बदलून दिला आणि दोघंही खूश झाले.

आता मुख्य मुद्दा. अठ्ठावन्न हजार हा आकडा ऐकला की सगळे म्हणतात, अजून खूप वेळ आहे. कारण बेल्टबद्दल बोलताना लोक नेहमी किलोमीटरच सांगतात: कुणी साठ हजार, कुणी ऐंशी, कुणी लाख. आकडे चुकीचे नाहीत, गाडीगणिक वेगळे असतात आणि आपल्या गाडीचा मॅन्युअलमध्ये बघावा. पण त्याच तक्त्यात किलोमीटरच्या शेजारी महिन्यांचाही रकाना असतो, आणि वर लिहिलेलं असतं, जे आधी होईल ते. ती ओळ कुणी वाचत नाही. पंधरा वर्षांत साठ हजारही न चाललेल्या गाडीत किलोमीटर कधीच आधी येणार नाहीत. तिची मुदत महिन्यांनी केव्हाच संपवलेली असते. रबर आहे ते. कुकरची रिंग रोज वापरा नाहीतर माळ्यावर ठेवा, कडक होतेच.

शिवाय आपल्या गावातले किलोमीटर हे किलोमीटर तरी कुठे असतात. मांडवीच्या दरवाजापाशी संध्याकाळी अडकून बघा. मे महिन्यात एसी लावलेला, इंजिन चालू, गाडी जागची हलत नाही. इंजिन नुसतं उभ्या उभ्या मिनिटाला आठशे फेरे घेतं असं धरलं तरी तासाला अठ्ठेचाळीस हजार फेरे होतात, आणि मीटरवर एक आकडासुद्धा पुढे सरकत नाही. बेल्टने मात्र ते सगळे फेरे मोजलेले असतात, तेही बॉनेटखालच्या भट्टीत. भाऊजींची गाडी कारेलीबाग ते रावपुरा एवढीच चालायची. अहमदाबादच्या एक्सप्रेसवेवर धावणाऱ्या गाडीचे अठ्ठावन्न हजार आणि हे अठ्ठावन्न हजार मी एका ओळीत लिहिणार नाही.

एवढं सगळं मनात ठेवून मी आमच्या मेकॅनिककडे गेले. प्रामाणिक माणूस आहे, गरज नसलेलं काम काढत नाही, आणि नेमकी तीच अडचण झाली. त्याने वरचं झाकण सैल केलं, टॉर्च मारली, बोटाने बेल्ट थोडा वळवून पाहिला आणि म्हणाला, "बेन, पट्टो तो हजी नवा जेवो छे. चालशे." म्हणजे पट्टा अजून नव्यासारखा आहे, चालेल. मीही वाकून पाहिलं. खरंच चांगला दिसत होता. चीर नाही, कडा उसवलेल्या नाहीत, तेलाचा ओलावा नाही.

पण दिसण्यावर का जायचं नाही, हे मला त्याला समजवावं लागलं, आणि तो तीस वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा जपून. पूर्वीचे निओप्रीनचे बेल्ट म्हातारे झाले की पाठीवर चिरा पडायच्या, त्या बघून ठरवता यायचं. नंतर एचएनबीआर नावाचं जास्त टिकाऊ रबर आलं. ते उष्णता चांगली सोसतं आणि शेवटपर्यंत चेहरा नीट ठेवतं. आतली काचेच्या धाग्यांची दोरी थकलेली असली किंवा दातांची मुळं सैल झाली असली तरी वरून काही कळत नाही. खराब दिसणारा बेल्ट बदलायचाच, पण चांगला दिसणारा चांगला आहे असं त्यावरून ठरत नाही. आवाजाचंही तेच. चेन सैल झाली की निदान खडखडते. बेल्ट बहुतेक वेळा गुपचूप जातो. त्याने हे सगळं ऐकलं, मान हलवली आणि म्हणाला, "चालशे तो खरूं, पण तमारी मरजी." म्हणजे चालेल तर खरं, पण तुमची मर्जी.

घरी दुसरं प्रकरण. ह्यांचं म्हणणं, गाडीची बाजारात किंमत जेमतेम लाखभर, तिच्यावर खर्च कशाला? गाडीच्या किमतीशी तुलना करायची ही सवय मला बरोबर वाटत नाही. बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, तेल अडवणारी सील आणि मजुरी मिळून मला सांगितलेला आकडा चार हजारांच्या आतला होता. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकले तर हेडचं काम वीस हजारांच्या पुढे, आणि लाखाच्या गाडीवर वीस हजार घालायला मग कुणाचंच मन होत नाही. गाडी सरळ भंगारात जाते. महागड्या गाडीचा मालक निदान दुरुस्ती तरी करेल. जुन्या स्वस्त गाडीला बेल्ट तुटणं म्हणजे शेवटच. उलट, गाडी पुढच्या दोन-चार महिन्यांत विकायची ठरलीच असेल, तर मी बेल्ट बदलणार नाही. घेणाऱ्याला मात्र सांगेन की बदललेला नाही, आणि तेवढे पैसे कमी घेईन.

म्हणून खरा प्रश्न बेल्टचा नव्हताच. ही गाडी अजून किती वर्षं ठेवायची, हे आधी ठरवायचं होतं, आणि त्याला सरकारी मुहूर्तच मिळाला. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. २०२४ मध्ये आमचं संपलं. पुढे हवं तर आरटीओत गाडी दाखवायची, फॉर्म २५ भरायचा, तपासणीत पास झाली की आरसी आणखी पाच वर्षांची मिळते. ह्यांनाच ती गाडी सोडवत नव्हती, गल्लीत वळते म्हणून. त्यामुळे फॉर्म भरला. पाच वर्षांचा कागद हातात आला त्याच आठवड्यात मी बेल्टचं काम सांगितलं. पाच वर्षं गाडी ठेवायची आणि बेल्ट मात्र नशिबावर सोडायचा, हे मला जुळवता आलं नाही. आता ह्या बेल्टची आणि आरसीची मुदत साधारण बरोबरच संपेल, हा हिशोब मला मनापासून आवडला.

काम करताना मी तिथेच स्टुलावर बसून होते. नुसता बेल्ट बदलून चालत नाही. टेन्शनरही त्याच वयाचा असतो. जुन्या टेन्शनरचं बेअरिंग मेकॅनिकने बोटाने फिरवलं. ग्रीस शाबूत असलेलं बेअरिंग जडसर फिरून थांबतं. हे मोकळं भिरभिरलं आणि खरखर वाजलं. त्याने ते माझ्या कानाशी धरलं आणि काही बोलला नाही. बेल्ट धडधाकट असताना हे बेअरिंग अडकलं असतं तरी परिणाम तोच. क्रँकचं आणि कॅमचं ऑइल सीलही बदलून घेतलं, कारण सीलमधून तेल झिरपून नव्या बेल्टवर आलं तर रबर फुगतं, आणि त्या एवढ्याशा सीलसाठी पुन्हा तेवढीच मजुरी. बाहेरचे पट्टे तर काढावेच लागतात, त्यांचंही वय झालं होतं, तेही नवे टाकले. पार्ट कंपनीच्या डब्यातले, दुकानदाराकडून पक्कं बिल घेऊन आणले. या एका वस्तूत डुप्लिकेट घेऊन दोन-तीनशे वाचवणाऱ्याला मी नमस्कार करते.

सगळं बसवल्यावर खुणा जुळवून त्याने पान्याने इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवलं, खुणा पुन्हा जुळतात का पाहिलं आणि मगच चावी मारली. तुमचा मेकॅनिक हे करत नसेल तर करायला लावा. एक दात इकडचा तिकडे झाला असेल तर खुणा जुळत नाहीत, आणि जास्त दात सरकले असतील तर हाताला अडकल्याचं कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो व्हॉल्व्ह वाकवूनच सांगतो.

शेवटी मी बॉनेटच्या आतल्या बाजूला स्टिकर लावून घेतलं: तारीख, मीटरचा आकडा, काय काय बदललं. मेकॅनिकला गंमत वाटली. आता तो दुसऱ्यांच्या गाड्यांनाही लावतो म्हणे.

पुराचंही सांगायला हवं, कारण बडोद्यात जुनी गाडी घेणाऱ्याने हे विचारायलाच हवं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा कितीतरी गाड्या बॉनेटपर्यंत पाण्यात होत्या. आमची फ्लायओव्हरवर नेऊन लावली होती म्हणून वाचली. बेल्टच्या झाकणात पाणी जाऊ नये अशी सोय असते, पण ते झाकण धूळ आणि शिंतोड्यांसाठी. बुडालेल्या गाडीत गाळ आत जातो. पाणी ओसरल्यावर सीट, कार्पेट, वायरिंग सगळं साफ होतं, पण झाकणामागचा गाळ तसाच राहिला तर दातांमध्ये आणि बेअरिंगमध्ये घासत बसतो. अशी गाडी बुडालेली असेल तर बेल्ट किती जुना हे विचारायचंच नाही, बदलायचा.

आणि चालत्या गाडीत इंजिन झटक्यात बंद पडलं, चावी मारल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भिरभिरल्यासारखा फिरला, तर पुन्हा पुन्हा चावी मारू नका. ते बेल्ट तुटल्याचं लक्षण असू शकतं, आणि प्रत्येक चावीला खर्च वाढू शकतो. टोइंगवाल्याला बोलवा.

सध्या माझा भाचा एक जुनी डस्टर डिझेल बघतोय. सव्वा लाख चाललेली, गाडीबरोबर बिलांची जाड फाईल. ती त्याने माझ्याकडे आणून दिली, मावशी बघ म्हणून. ऑइल, ब्रेक पॅड, टायर, इंजेक्टर साफ केल्याचं बिल, सगळं होतं; बेल्टचं कुठे नाही. डस्टरच्या त्या दीड लिटरच्या डिझेलमध्ये वॉटर पंपही ह्याच बेल्टवर फिरतो, जुन्या स्कोडा-फोक्सवॅगन डिझेलसारखाच, त्यामुळे बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकत्रच बदलावे लागतील आणि कूलंटही नवा. खर्च सँट्रोच्या कितीतरी पट. मी त्याला सांगितलं, आधी गॅरेजमधून या कामाचा आकडा लेखी आण, तो विकणाऱ्यासमोर ठेव आणि तेवढे कमी करायला सांग. आणि गाडी घेतलीस तर पहिल्यांदा गॅरेजला ने, शिर्डी नंतर. विकणारा त्या कामाची अर्धी रक्कम सोडायला तयार झालाय, भाचा पूर्णवर अडलाय.