गेम कंट्रोलरने सीएनसी जॉग करता येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या ३०१८ सारख्या छोट्या सीएनसीला (कॉम्प्युटरच्या हुकमाने कोरणाऱ्या मशीनला) पडून असलेला गेम कंट्रोलर जोडून जॉग करता येईल, की हातचाकाचा पेंडंटच (मशीन हलवायचा खास रिमोट) विकत घ्यावा? कंट्रोलर चालतो, आणि उत्तम चालतो. मशीन हलवणं अर्ध्या तासात जमतं. सगळी मेहनत लागते ती मशीन वेळेवर थांबवायला, म्हणून इथे जास्त शब्द त्यावरच खर्च होतील.

जॉग म्हणजे प्रोग्रॅम न चालवता टूल हाताने हवं तिथे नेणं. शून्य धरताना (मोजमाप कुठून सुरू ते ठरवताना), बिट म्हणजे कापणारं पातं बदलताना, क्लॅम्प चुकवताना हे सतत लागतं. माउसने जॉग करताना नजर स्क्रीनवर असते आणि बिटचं टोक लाकडापासून केसभर अंतरावर. कंट्रोलर हातात असला की नजर टोकावरच राहते. हा एवढा एक फायदासुद्धा खटाटोप करायला पुरेसा आहे.

कंट्रोलर वायरचा घ्या. एक्सबॉक्स ३६० धर्तीचा यूएसबी कंट्रोलर विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सहज ओळखला जातो. तो मशीनच्या बोर्डाला जोडायचा नसतो, कॉम्प्युटरला जोडायचा. बोर्डावर जीआरबीएल (मोटारी चालवणारं फर्मवेअर) १.१ किंवा पुढचं हवं, कारण जॉगची स्वतंत्र कमांड तिथूनच आली. ०.९ असेल तर आधी ते बदला. कॉम्प्युटरवरून मशीनला कमांड पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला सेंडर म्हणतात; युनिव्हर्सल जी-कोड सेंडर आणि जीसेंडर या दोन्हींत कंट्रोलरची सोय आहे. बटणांना कीबोर्डच्या कळा बनवणारे प्रोग्रॅम मात्र सीएनसीसाठी वापरू नका. त्यांची कळ ज्या खिडकीवर फोकस असेल तिकडे जाते. मध्येच दुसरी खिडकी उघडली तर कळ सोडल्याची खबर सेंडरला पोचत नाही आणि अक्ष चालतच राहतो.

आता थांबण्याचं गणित. जॉगची एक कमांड अशी दिसते (टाइप करताना रोमन अक्षरांत): $जे=जी९१ जी२१ एक्स०.८३ एफ१०००. म्हणजे आहे तिथून एक्समध्ये ०.८३ मि.मी., मिनिटाला १००० मि.मी. वेगाने. स्टिक दाबून धरली की सेंडर अशा छोट्या कमांड एकामागून एक पाठवतो. १००० मि.मी. प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १६.७ मि.मी., म्हणून दर ५० मिलिसेकंदांचा घास ०.८३ मि.मी.चा.

जीआरबीएलच्या प्लॅनरमध्ये (पुढच्या चालींची रांग आखणाऱ्या भागात) असे सुमारे १५ घास मावतात आणि त्याच्या आधीच्या सीरियल बफरमध्ये १२८ बाइट, म्हणजे आणखी सहाएक ओळी. सेंडरने दोन्ही भरून ठेवले तर स्टिक सोडल्यावरही एक सेकंदाहून जास्त वेळाची चाल रांगेत उरते, म्हणजे जवळजवळ १७ मि.मी. क्लॅम्पवर बिट आदळतो तो इथे. दुसऱ्या टोकाला, रांगेत दोनच घास ठेवले तर मशीन अडखळत, निम्म्याच वेगाने चालतं. प्लॅनर नेहमी असं धरून चालतो की रांगेतल्या शेवटच्या घासाच्या टोकाला थांबायचं आहे, त्यामुळे थांबायला लागेल तेवढं अंतर समोर दिसलं तरच तो पूर्ण वेग देतो.

ते अंतर काढता येतं: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. $१२० या सेटिंगमध्ये एक्सचं त्वरण ५० (मि.मी. प्रति सेकंद वर्ग) असेल तर १६.७ चा वर्ग भागिले १००, म्हणजे २.८ मि.मी. चालू घास सोडून पुढे ०.८३ चे चार घास हवेत, म्हणून एकूण पाच. स्वतःचा सेंडर लिहीत असाल तर एका वेळी पाचच कमांड रांगेत ठेवा. हे ‘ओके’ मोजून जमत नाही, कारण तो कमांड प्लॅनरमध्ये शिरताच येतो, पूर्ण झाल्यावर नाही; रांगेत किती उरल्या ते स्थिती-अहवालातल्या ‘बीएफ’ आकड्यावरून बघा ($१० मध्ये तो चालू करावा लागतो) आणि जागा झाली की मगच पुढची पाठवा. त्वरण बदललं की हा आकडाही बदलतो.

स्टिक मध्यावर आली की लगेच जॉग-रद्दचा बाइट जायला हवा: हेक्स ८५, दशमानात १३३. तो एकच कच्चा बाइट असतो. त्याच्यापुढे एंटर लागत नाही, आणि ‘शून्य एक्स आठ पाच’ अशी अक्षरं पाठवून तर काहीच होत नाही. हा बाइट मिळाला की जीआरबीएल वेग कमी करत थांबतं आणि प्लॅनरमधले उरलेले घास टाकून देतं, शून्य कुठेही हलत नाही. पण वर काढलेले २.८ मि.मी. तेव्हाही लागतातच. म्हणून कामाच्या तुकड्याजवळ पूर्ण वेग नको.

काही जण दुसरी युक्ती करतात. बटण दाबलं की एकदम ३०० मि.मी.ची एकच लांब कमांड, सोडलं की रद्द. कोड सोपा होतो आणि चालही गुळगुळीत येते. पण सोडल्याची खबर हरवली तर जीआरबीएल ती कमांड इमानदारीने पूर्ण करतं, मधे विचारत नाही. वायरलेस कंट्रोलर असेल तर हे अजिबात नको. छोट्या घासांत मात्र सेंडर गप्प झाला की मशीन अर्ध्या सेकंदाच्या आत आपोआप थांबतं.

त्याच्याच जोडीला एक धरून ठेवायचं बटण ठेवा. डाव्या तर्जनीखालचं खांद्याचं बटण दाबलेलं असेल तरच स्टिकला किंमत. कंट्रोलर टेबलावरून पडला, कोपर लागलं, तरी काही हलत नाही.

स्टिक जुनी झाली की सोडल्यावर नेमकी मध्यावर येत नाही, म्हणून मधला काही भाग मृत धरावा लागतो. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स कंट्रोलरच्या डाव्या स्टिकसाठी ३२७६७ पैकी ७८४९ हा आकडा दिला आहे, म्हणजे साधारण २४ टक्के. हा भाग गोल धरा. एक्स आणि वाय वेगवेगळे तपासले तर तिरकं जाताना चाल अक्षाला चिकटते. उरलेला पल्ला ० ते १ करून त्याचा घन करा. मग अर्ध्या पल्ल्यावर वेग १००० चा आठवा भाग, १२५ मि.मी. प्रति मिनिट. बोटाला हा फरक लगेच जाणवतो.

दिशेचा घोळ सगळ्यांचा होतो. लिनक्समध्ये स्टिक वर ढकलली की आकडा ऋण येतो, तो उलटवावा लागतो. शिवाय ३०१८ मध्ये वाय अक्षावर टूल नाही, बेड सरकतो. स्टिक वर केली की बेड तुमच्याकडे आला पाहिजे, कारण तेव्हाच टूल तुकड्यावर मागच्या बाजूला जातं. हे उलटं वाटलं म्हणून $३ या सेटिंगमधली अक्षाची दिशा बदललीत तर जॉग ‘बरोबर’ वाटेल आणि कोरलेली अक्षरं आरशातली येतील. हात लावायचा तो कंट्रोलरच्या मांडणीला, आणि तोही मटेरियलवरच्या एक्स-वायची खूण बघून.

झेड उजव्या स्टिकवर ठेवा, आणि एक्स-वाय चालू असताना झेड बंदच असू द्या. शेवटच्या मिलिमीटरला स्टिक वापरूच नका. तिथे चौफुलीचं (डी-पॅडचं) बटण: एका दाबाला ०.०१ मि.मी., दाबून धरलं तरी एकदाच. कागदाने शून्य धरताना साधा झेरॉक्सचा कागद बिटाखाली सरकवत राहा आणि एकेक दाब देत खाली या. कागद अडखळला की थांबा. तो सुमारे ०.१ मि.मी. जाड असतो, तेवढं धरून झेड लिहा. एक दाब जास्त झाला तर वर जाऊन पुन्हा वरूनच खाली या, नाहीतर लीडस्क्रूची ढिलाई मापात येते. शून्य करणं, स्पिंडल सुरू करणं, प्रोग्रॅम चालू करणं यातलं काहीही एका बटणावर ठेवू नका.

लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेले) नसतील तर जॉग टोकाला जाऊन खुशाल आपटतो. स्टेपर पायऱ्या चुकवतो, बोर्डाला ते कळत नाही, आणि धरलेलं शून्य खोटं ठरतं. स्विच बसवून होमिंग केलं (म्हणजे मशीनला स्विचपर्यंत नेऊन स्वतःची जागा ओळखू दिली) आणि $२० हे हद्दीचं सेटिंग चालू ठेवलं की हद्दीबाहेरच्या जॉगला फक्त एरर १५ येतो. अलार्म लागत नाही, काम अडत नाही.

इमर्जन्सी स्टॉप मात्र कधीही कंट्रोलरवर नको. स्पिंडलच्या विद्युत गोंगाटाने यूएसबी तुटू शकते, आणि नेमका तेव्हाच स्टॉप लागतो. वीज तोडणारं लाल मशरूम बटण वेगळं, हाताशी. यूएसबीची वायर आखूड आणि शील्डची घ्या, स्पिंडलच्या वायरीपासून लांब ठेवा.

हे सगळं झालं की पहिली चाचणी बिट काढून, झेड वर नेऊन, स्पिंडल बंद ठेवून करा. खांद्याचं बटण आणि स्टिक दोन्ही दाबून धरा आणि कोणाला तरी कंट्रोलरची वायर उपटायला सांगा. काही ड्रायव्हर वायर निघाल्यावर शेवटचा आकडाच धरून बसतात, तेव्हा अक्ष पळतच राहील. असं झालं तर सेंडर बदला, किंवा स्वतःचा असेल तर कंट्रोलर गेल्याची खूण तपासून तिथेच १३३ पाठवा आणि चाचणी पुन्हा करा.