दीडशे लिटर आम्ल आणि वजनकाट्याची पावती

2022 च्या जून महिन्यात, रायगड जिल्ह्यातील ज्या गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर देणाऱ्या) कारखान्यात मी सुरक्षा विभागाचे काम पाहत होते, तेथे टँकरमधून हायड्रोक्लोरिक आम्ल उतरवताना होजच्या फ्लँजमधील (जोडाच्या कड्यातील) गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, फाटली. साठवण टाकीभोवती डाईकची, म्हणजे गळती अडवणारी, भिंत होती. मात्र टँकर उभा राहतो ती जागा त्या भिंतीच्या बाहेर होती, आणि नेमके तेथेच आम्ल सांडले. मी पोहोचले तेव्हा फरशीवर पिवळसर थारोळे पसरले होते, त्यातून पांढरा धूर निघत होता आणि थारोळ्याची एक धार पावसाळी गटाराकडे सरकत होती.

ड्रायव्हरने टँकरचा व्हॉल्व्ह आधीच बंद केला होता, हे त्याचे उपकारच. मी सर्वांना वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला घेतले, गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोण्या लावायला सांगितल्या आणि बाहेर नाल्याकडे जाणारे गेट बंद करवले. होज धरणाऱ्या मदतनिसाच्या मनगटावर आम्ल उडाले होते. "मॅडम, काही नाही झालं," असे तो म्हणत असतानाच त्याला सेफ्टी शॉवरखाली उभे केले आणि पूर्ण पंधरा मिनिटे तेथून हलू दिले नाही.

आम्ल पाण्याने धुऊन टाकण्याचा मोह अशा वेळी प्रत्येकाला होतो. पण ते पाणी गटारातच गेले असते. कॉस्टिक सोडा हा तीव्र अल्कलीही वापरायचा नव्हता, कारण तीव्र आम्लाशी त्याची गाठ पडली की उष्णता फार वाढते आणि शिंतोडे उडतात. गोदामात सोडा ॲशची, म्हणजे आम्ल शमवणाऱ्या सोडियम कार्बोनेटची, 50 किलोची पोती होती. मास्क, गॉगल आणि आम्लरोधक हातमोजे घातलेल्या दोघांनी कडेकडून आत येत तो थोडाथोडा पसरला. प्रत्येक फावड्यासरशी फेस उसळे आणि तो बसेपर्यंत ते थांबत. आम्लता दाखवणारा पीएच कागद लाल येण्याचे थांबून हिरवट येऊ लागला, तोवर दोन पोत्यांपैकी सुमारे 15 किलो सोडा उरला होता. तो शिल्लक सोडा मी वजन करून वहीत लिहून ठेवला. त्या वेळी हे केवळ सवयीने केले.

खरे अवघड काम त्यानंतरचे होते. घातक कचरा नियम, 2016 च्या नियम 22 नुसार अपघाताची माहिती प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब फोन व ई-मेलने द्यावी लागते आणि त्यानंतर नमुना 11 मध्ये अहवाल पाठवावा लागतो. ताजे आम्ल हा कचरा नव्हे, मग हा नियम लागू कसा, असा प्रश्न आमच्याकडे उपस्थित झाला. माझे म्हणणे असे होते की सांडलेले आम्ल, त्यात भिजलेली वाळू आणि उरलेला गाळ हा आता घातक कचराच आहे, आणि गटाराच्या तोंडापर्यंत गेलेल्या धारेबद्दल मंडळाला आपणच कळवणे बरे. मदतनीस दुसऱ्या दिवशी कामावर आला. 48 तास किंवा त्याहून अधिक काळ काम न करता येण्याइतकी इजा नसल्याने कारखाने अधिनियमाच्या कलम 88 खालची सूचना लागत नव्हती, तरी अपघात नोंदवहीत मी ती घटना लिहिली.

मंडळाला फोनवर मी "अंदाजे 50 लिटर" असे सांगून बसले होते, आणि वरिष्ठांची इच्छा होती की अहवालातही तोच आकडा राहावा. मी वजनकाट्याच्या दोन पावत्या समोर ठेवल्या. टँकर आत येताना 19,860 किलो आणि रिकामा होऊन जाताना 9,640 किलो, म्हणजे 10,220 किलो आम्ल टँकरबाहेर पडले. टाकीच्या पातळीवरून मात्र 10,040 किलोच जमा दिसत होते. फरक 180 किलोचा, आणि 32 टक्के आम्लाची घनता 1.16 धरली तर सुमारे 155 लिटर. दोन मीटर व्यासाच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर चुकली तरी 36 किलोंचा फरक पडतो, तेव्हा केवळ एवढ्यावर मी विसंबले नसते. पण 180 किलोंत सुमारे 58 किलो हायड्रोजन क्लोराइड असते, ते शमवायला हिशेबाने 84 किलो सोडा ॲश लागतो, आणि आमचा वापर सुमारे 85 किलो होता. काही वाफ उडून गेली असणार आणि सोडाही थोडा जास्त पडला असणार. तरीही 50 लिटरला 27 किलो सोडा पुरला असता. वरिष्ठ बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "जे आहे तेच लिहा."

गाळ सहा प्लास्टिक ड्रममध्ये भरून, लेबल लावून 90 दिवसांच्या मुदतीच्या आत नमुना 10 च्या मॅनिफेस्टसह (कचरा वाहतुकीच्या नोंदपत्रासह) तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रात पाठवला. मंडळाकडून एकच लेखी विचारणा आली: फोनवरचे 50 लिटर अहवालात 155 कसे झाले? उत्तरादाखल आम्ही वजनकाट्याच्या दोन्ही पावत्यांच्या आणि माझ्या वहीच्या त्या पानाच्या प्रती जोडल्या.