फळ्या, शटर आणि मागचं घर

शटरवाल्याला दुकानाआधी भिंत दिसते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं शटर आणि ग्रिलचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी ते 1978 साली सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. एवढ्या वर्षांत महाद्वार रोड, गुजरी, गंगावेश, शाहूपुरी इथल्या कितीतरी दुकानांची तोंडं आमच्या हातून बदलली. दुकानाचं तोंड वीस-पंचवीस वर्षांत बदलतंच, मागचं घर मात्र तेच असतं. आणि नव्या तोंडाचं वजन त्या जुन्या घरालाच पेलायचं असतं. आमच्या धंद्यातली निम्मी अक्कल एवढ्या एका गोष्टीभोवती फिरते.

वडिलांनी सुरुवात केली तेव्हा पेठांतली पुष्कळ दुकानं फळ्यांची होती. उंबऱ्याला आणि वरच्या पाटाला खाच, तिच्यात सागवानी फळ्या एकामागून एक सरकवायच्या. कुठली फळी कुठं, हे चुकू नये म्हणून प्रत्येकीवर छिन्नीनं रेघा पाडलेल्या. शेवटच्या फळीवरून लोखंडी पट्टी आडवी घालून तिला कुलूप. आपल्याकडच्या पावसात या फळ्या फुगायच्या. जुलैत खाचेत शिरेनात म्हणून सुतार बोलावून रंधा मारायचा आणि एप्रिलमध्ये त्याच फळ्यांच्या मधून बोट जाईल एवढी फट. त्यात वाळवी. शटरचा प्रचार वडिलांना फारसा करावा लागला नाही, तो पावसानंच केला.

बाहेरून दुकानं सारखी दिसली तरी गावात त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. शाहूपुरी मुळातच व्यापारासाठी वसवलेली. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 ला सुरू झाली आणि पुढं शाहू महाराजांच्या काळात स्टेशनजवळ ही पेठ उभी राहिली; गल्ल्याही सरळ, पहिली, दुसरी, तिसरी अशा नंबरानं. तिथल्या जुन्या इमारतींत खालचा मजला दुकान-गोदामाच्या हिशेबानंच बांधलेला. गुळाच्या गाडीतला माल थेट आत घेता यावा म्हणून दारं रुंद, वर घडीव दगडाच्या किंवा विटांच्या कमानी. अशा ठिकाणी शटर टांगायचे लोखंडी ब्रॅकेट ठोकताना काळजी वाटत नाही. गुळाचा सौदा मार्केट यार्डात गेला, गोदामांत हार्डवेअर आणि मोबाइल आले, पण कमान अजून ताठ उभी आहे.

महाद्वार रोड आणि गंगावेशीकडं गोष्ट वेगळी. तिथलं दुकान म्हणजे बहुतेक वेळा घराचा पुढचा सोपा. मागं माजघर, त्यामागं परडं, वर माडी. अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी वाढली तसा आधी सोप्यात एका कोपऱ्यात ओटीच्या सामानाचा माल आला, मग अख्खा सोपा भाड्यानं गेला आणि घरच्यांची ये-जा शेजारच्या बोळातून सुरू झाली. पुढं एका दुकानाची दोन झाली, दोनाची तीन. दर वेळी पुढची भिंत थोडी-थोडी फोडली गेली. जोतं काळ्या दगडाचं, भक्कम. त्यावरची भिंत मात्र पांढऱ्या मातीची नाहीतर मातीत रचलेल्या विटांची, आणि तिच्यावर तुळया, कडीपाट आणि माडीवर राहणारं कुटुंब.

आता हिशेब करा. आठ फूट रुंद, दहा फूट उंच साधं शटर घेतलं तर पट्ट्या, पाइप, स्प्रिंग, बाजूचे चॅनल (शटर ज्यांतून सरकतं त्या खाचा) धरून वजन शंभर किलोच्या पुढं जातं. यातलं बहुतेक वजन वरच्या दोन ब्रॅकेटवर लटकतं. शिवाय शटर दिवसातून दोनदा तरी वर-खाली आपटणार. मातीच्या भिंतीत खिळा धरतो, फास्टनर, म्हणजे भिंतीत फुगून बसणारा बोल्ट, धरत नाही. म्हणून ड्रिल मारल्यावर भुसा कुठल्या रंगाचा येतो, हे आम्ही आधी बघतो. काळा किंवा राखी आला तर दगड, लाल आला तर वीट, पिवळट-पांढरा यायला लागला की मशीन बंद. तिथं आम्ही जमिनीवरून उभा राहणारा स्वतंत्र लोखंडी सांगाडा करतो. दोन खांब, वर आडवी तुळई, सगळं वजन खाली काँक्रीटच्या पायात. भिंतीला फक्त टेकण. खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. पलीकडचा कारागीर हेच काम निम्म्यात करतो म्हणून सांगतात. करत असेल. आम्ही करत नाही.

दुसरं त्रांगडं कागदाचं. जुन्या पेठांतले कितीतरी दुकानदार दोन-तीन पिढ्यांचे भाडेकरू. 1947 च्या भाडे कायद्यानं भाडी जिथल्या तिथं गोठली होती. त्याच्या जागी आलेल्या 1999 च्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ आकडाच इतका लहान, की वाढून वाढून कितीसा होणार? दुरुस्ती करून देणं मालकाचं काम, असं कायदा म्हणतो. मालक म्हणतो, वर्षाच्या भाड्यात गिलाव्याचं सिमेंटसुद्धा येत नाही. भाडेकरूनं लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर जागा खाली करून मागता येते, म्हणून भाडेकरूही घाबरून असतो. या दोघांच्या मध्ये आम्ही, खांद्यावर शिडी घेऊन. एका वाड्याच्या म्हाताऱ्या मालकांनी वडिलांना सांगितलेलं आमच्या घरात अजून म्हटलं जातं: "शटर घाल बाबा, पण माझ्या भिंतीला हात लावायचा न्हाई." तो स्वतंत्र सांगाडा आम्ही पहिल्यांदा केला तो याच कामासाठी. मालक-भाडेकरू दोघांच्या सह्या असलेला एक साधा कागद तेव्हापासून आमच्या कोटेशनला जोडलेला असतो.

जुनं तोंड उतरवताना जे निघतं ते बघायला मला अजून आवडतं. सगळ्यात वर एसीपी शीटचा (अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पत्र्याचा) बोर्ड, त्याखाली फ्लेक्स, त्याखाली पत्र्यावर ऑइलपेंटनं रंगवलेली पाटी. हे गाव पेंटरांचं; अक्षराला सावली काढण्यात इथल्या लोकांचा हात कुणी धरला नाही. एका कापड दुकानाच्या बोर्डामागं सायकलवाल्याची पाटी निघाली, फोन नंबर तीन आकडी. मालकाला विचारलं तर म्हणाला, सायकलच्या आधी इथं चुलत्यांची पिठाची गिरणी होती, पट्ट्याच्या खुणा आतल्या भिंतीवर आहेत. होत्याच.

पुरानं वेगळाच धडा दिला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019 च्या ऑगस्टात आणि 2021 च्या जुलैत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शुक्रवार पेठ, शाहूपुरीचा खालचा भाग पाण्यात. उतरल्यावर चॅनलमध्ये गाळ घट्ट बसलेला, शटर ना वर ना खाली. स्प्रिंग वर असते म्हणून बऱ्याच ठिकाणी वाचली, तळाच्या पट्ट्या गेल्या. तेव्हापासून पूरपट्ट्यात आम्ही खालच्या पट्ट्या गॅल्वनाइज्ड आणि बोल्टनं सुट्या होणाऱ्या देतो. पूर नसला तरी रस्ते आहेतच. थरावर थर टाकून ते इतके वर आलेत, की जिथं दोन पायऱ्या चढून दुकानात जात होते तिथं आता एक पायरी उतरावी लागते आणि साध्या वळवाचं पाणीही उंबऱ्यावरून आत.

गेल्या काही वर्षांत मागणीनं पलटी खाल्ली. कॅफेवाली, बुटीकवाली तरुण पोरं येतात आणि म्हणतात, हूड (शटरच्या गुंडाळीवरचं पत्र्याचं झाकण) काढा, कमान दिसू दे. ज्या कमानी आम्हीच पत्र्याखाली झाकल्या त्या आता उघड्या करून मागतात. काम सोपं नाही. शटर कमानीच्या आत घ्यायचं तर गुंडाळीला दीड फूट जागा लागते आणि तिथं नेमका पोटमाळा असतो. भाऊ मोटारीचं काम शिकून आल्यापासून जाळीची शटर आत बसवायला लागलोय. रात्री दिवा लावला तर बाहेरून कमानही दिसते आणि मालही. एका गिऱ्हाईकाला तर फळ्याच हव्यात. सुतार मिळाला, जुनं सागवान मिळालं. पावसाळ्यात फुगतील हे मी त्याला लिहून दिलंय, आणि त्यानंही खाली सही केलीय.