सकाळचे तीन टक्के

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीची एप्रिलभर एकच तक्रार होती: बॉयलरचा तेलावर चालणारा बर्नर दुपारी धूर काढतो. सकाळी चिमणी स्वच्छ, जेवणाच्या सुट्टीनंतर काळी. दोष तेलाचा, असं ठरवून त्यांनी तेल पुरवठादाराचं बिल अडकवलं होतं. तेल फवारणारे नॉझलही बदलून झाले होते. बर्नरची सर्व्हिस करणारी आमची माणसं जाऊन येत, पण सर्व्हिसवाला सकाळी नऊला पोचतो, रीडिंग घेतो, सही घेतो आणि जेवायच्या आत पुढच्या कंपनीकडे निघतो. त्याला धूर दिसणार कुठून?

मी दिवसभर थांबायचं ठरवलं. सकाळी सातला चिमणीतले वायू मोजणारा अॅनालायझर लावला: जळून उरलेला ऑक्सिजन तीन टक्के, सीओ, म्हणजे अर्धवट जळल्याची खूण असलेला कार्बन मोनॉक्साइड, नावापुरता. चिमणीतला वायू फिल्टर पेपरातून ओढणाऱ्या स्मोक पंपाचे दहा झटके मारून पेपर काढला तर ठिपका जेमतेम दिसेल इतका फिका. बोट ठेवावं असं काही नव्हतं.

फायरमन काकांनी मात्र आल्या आल्या सांगितलं होतं, "साहेब, दुपारी मागचं दार उघडं ठेवलं की धूर कमी होतो. वर सांगितलं तर म्हणतात, बॉयलरला एसी बसवू का?"

काकांचं हे वाक्य कुठल्याच जुन्या रिपोर्टात नव्हतं. आमच्या धंद्यात मशीनपाशी आठ तास उभ्या असणाऱ्या माणसाला सोडून सगळ्यांना विचारतात.

बर्नरला हवा पुरवणाऱ्या एफडी फॅनचं तोंड मागच्या भिंतीकडे, चिमणीच्या आवरण नसलेल्या तापलेल्या पाइपापासून हातभर अंतरावर. त्या भिंतीतली लूव्हर, म्हणजे हवा यायची पट्ट्यांची खिडकी, पावसाचे सपकारे आत येतात म्हणून पत्रा ठोकून बंद केलेली. पावसाळा सरला, पत्रा राहिला. फॅनच्या जाळीला मी तापमापक बांधला. सातला 28 अंश दाखवत होता, अडीच वाजता 47. ऑक्सिजन 1.8 वर आला होता, सीओचा आकडा थांबायला तयार नव्हता, आणि या वेळचा ठिपका काजळासारखा.

कोरड्या हवेत ऑक्सिजन सकाळी असतो तितकाच दुपारी, 20.9 टक्के. पण फॅन हवा वजनाने मोजून देत नाही, ठरावीक आकारमान ढकलतो. 20 अंशांना घनमीटरभर कोरडी हवा 1.2 किलो भरते, 40 अंशांना साधारण 1.13. हवा कमी-जास्त करणारी झडप, डॅम्पर, तिथेच, फॅन त्याच वेगाने, तरी ज्योतीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन कमी. नॉझलमधून तेल मात्र पंपाच्या दाबाने जवळजवळ तेवढंच येत राहतं. त्यात आपल्याकडची दमट हवा: मे महिन्यात तिच्यात तीन टक्क्यांच्या आसपास पाण्याची वाफच असते, आणि तेवढी जागा ऑक्सिजनच्या वाट्याची जाते. तापमानापुढे हा हिशोब किरकोळ, पण आधीच काठावर असलेल्या बर्नरला तेवढंही पुरतं.

सेटिंग जानेवारीतलं होतं. रिपोर्टवर साडेतीन टक्के, वेळ सकाळची. त्या सकाळपुरतं ते बरोबरच होतं.

पत्रा काढला, लूव्हर मोकळी केली. तासाभरात जाळीपाशी 38 अंश झाले. त्या हवेवर कमी आणि जास्त, दोन्ही फायरला तेल-हवेचं प्रमाण ठरवणारा कॅम लावून चिमणीतला ऑक्सिजन साडेतीनवर आणला. चिमणी दुपारी पहिल्यांदा साफ दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन: "अहो, आता ऑक्सिजन चार दाखवतोय! तेल जाळून आकाश तापवताय का?" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जास्तीची हवा गरम होऊन चिमणीतून जाते, ते तेल फुकटच. पण बॉयलरच्या नळ्यांवर काजळी बसली की चिमणीचं तापमान चढतं, आणि ते साधारण 20 अंश चढलं की एक टक्का तेल गेलंच. एप्रिलभर ते किती गेलं, हे कोणी विचारत नाही. ऑक्सिजन बघून डॅम्पर आपोआप हलवणारी ट्रिम यंत्रणा मिळते, तीही मी सुचवली. कोटेशन पुढच्या बजेटच्या फायलीत आहे.

मला छळतोय तो आमचाच छापील फॉर्म. तेलाचा दाब, चिमणीचं तापमान, ऑक्सिजन, सीओ, सगळ्यांना रकाने. फॅनमध्ये शिरणाऱ्या हवेच्या तापमानाला नाही. मी समासात पेनाने 28 आणि 47, दोन्ही आकडे वेळेसकट लिहिले. मेंटेनन्सचे साहेब म्हणतात ते खोडा, नाहीतर पुरवठादाराचं बिल सोडावं लागेल. मी खोडलेले नाहीत, आणि रिपोर्ट अजून सहीविना त्यांच्या टेबलावर आहे.